उष्णतेचें चित्र आणि त्याची लिपि

ज्याचें आयुष्य जुने कागद वाचण्यांत गेलें त्याला यंत्रांविषयीं लिहिण्याचा अधिकार काय, असा प्रश्न कोणी वाचकानें केल्यास तो अगदींच अस्थानीं होणार नाहीं. इतिहासाच्या अध्यापकानें थर्मल कॅमेऱ्यावर लेख लिहावा हें वरवर पाहतां चमत्कारिकच दिसतें. परंतु गेल्या वैशाखांत जळगांवीं एक लहानशी गोष्ट घडली. तिचा विचार मनांत घोळत असतांच कांहीं कामानिमित्त मी धुळ्यास गेलों, आणि तेथें या दोन विषयांचें नातें मला वाटत होतें त्याहून पुष्कळच जवळचें आहे असें दिसून आलें. तें नातें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

माझा एक जुना विद्यार्थी जळगांव व आसपासच्या तालुक्यांतील जिनिंग कारखान्यांत विजेच्या जोडण्या तपासून देण्याचें काम करतो. कापसाच्या धंद्यांत आगीचें भय केवढें असतें हें खानदेशांतील माणसास सांगावयास नको. पॅनेलमधील एखादा स्क्रू सैल झाला, कीं तेथें प्रवाहास अडथळा होऊन ती जागा तापूं लागते. ती तापते हें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि दिसूं लागतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून या गृहस्थानें कांहीं वर्षांपूर्वीं स्मार्टफोनच्या तळाशीं खोंचावयाचा एक थर्मल कॅमेरा विकत घेतला. आंगठ्याएवढी ती वस्तु. पण फोनला जोडली कीं पडद्यावर पॅनेलचें रंगीत चित्र उमटे, सैल जोडणी पिवळीधमक दिसे, आणि तिच्याशेजारीं उष्णतेचे अंश लिहिलेले असत. तीन हंगाम काम उत्तम चाललें. पुढें फोन जुना झाला म्हणून त्यानें नवा घेतला, आणि नव्या फोनसाठीं त्या कॅमेऱ्याचें ॲप मिळेना. विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हां, तें मॉडेल आतां बंद झालें आहे, नवें घ्यावें, असें उत्तर आलें. कंपनीचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण ही गोष्ट एकट्या त्या कंपनीची नव्हे. कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवीत तो म्हणाला, "सर, वस्तूंत कांहींच बिघाड नाहीं. फोन तिला ओळखतच नाहीं."

वस्तु शाबूत असून निरुपयोगी कशी होते, हें समजण्यास त्या कॅमेऱ्याच्या पोटांत काय असतें तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. जगांतील प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेच्या मानानें डोळ्यांस न दिसणारे किरण बाहेर टाकीत असतो. कॅमेऱ्यांतील भिंगामागें एका पातळ चकतीवर हजारों सूक्ष्म ठिपके बसविलेले असतात. हे किरण पडले कीं ठिपका किंचित् तापतो व त्याचा विद्युत्-विरोध बदलतो. तो बदल मोजून जें निघतें तें अंश नव्हेत, चित्रहि नव्हे. तो नुसता आंकडा असतो. त्यांतहि कोणतेहि दोन ठिपके सारखे नसतात. एकाच उष्णतेस एक ठिपका एक आंकडा देतो तर शेजारचा दुसरा. म्हणून मधून मधून कॅमेऱ्यांत 'टक्' असा आवाज होऊन एक झडप ठिपक्यांपुढें पडते, आणि त्या एकसारख्या पृष्ठभागावरून प्रत्येक ठिपक्याची चूक काढून वजा केली जाते. नंतर, कारखान्यांत ठरवून दिलेल्या स्थिरांकांच्या साहाय्यानें आंकड्याचे अंश करावयाचे. नंतर, समोरचा पदार्थ किरण टाकण्यांत उदार आहे कीं कृपण, त्याचा हिशेब करावयाचा. आणि शेवटीं अंशांना रंग द्यावयाचे. कारण पिवळा, तांबडा, निळा हे उष्णतेचे रंग नव्हेत, ते आपण तिला नेसविलेले आहेत. फोनला जोडावयाच्या कॅमेऱ्यांत या कामांपैकीं बराचसा भाग फोनमधील ॲपकडे सोंपविलेला असतो. म्हणजे कॅमेरा पाहतो खरा. पण त्यानें काय पाहिलें तें सांगणारा निराळाच असतो.

ही विभागणी पूर्वीं नव्हती. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शल यानें लोलकांतून सूर्यप्रकाश फांकून प्रत्येक रंगाच्या पट्ट्यांत तापमापक ठेवून पाहिले, तेव्हां तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें कांहींच प्रकाश नाहीं तेथें, पारा अधिक चढलेला त्याला आढळला. अदृश्य उष्णकिरणांचा शोध तो हाच. तें यंत्र म्हणजे कांचेची नळी, पारा व तीवरील रेघा. ज्याला आंकडे वाचतां येत होते त्याला तें वाचतां येत होतें. १८४० मध्यें त्याचा मुलगा जॉन हर्शल यानें काजळ लावलेला कागद मद्यार्कांत भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. जेथें उष्णता अधिक तेथें कागद आधीं वाळला, आणि उष्णतेचें पहिलें चित्र उमटलें. येथेंहि चित्र आणि त्याचा अर्थ हीं एकाच कागदावर होतीं. पुढें १८८० च्या सुमारास अमेरिकेंतील सॅम्युएल लँग्ली यानें धातूच्या बारीक पट्टीचा विरोध उष्णतेनें बदलतो या तत्त्वावर आपला बोलोमीटर रचला. आजच्या कॅमेऱ्यांतील ठिपक्याचें तत्त्व तेंच. परंतु लँग्लीच्या यंत्राचा कांटा हलला कीं तो कोणासहि दिसत असे. त्यास कोणाची परवानगी लागत नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें तंत्र युद्धखात्याच्या हातीं गेलें. अतिशीत न करतां चालणारी ठिपक्यांची चकती अमेरिकेंतील हनीवेल कंपनीनें लष्करासाठीं गुप्तपणें तयार केली, आणि १९९२ मध्यें तिच्यावरील गुप्ततेचा पडदा काढण्यांत आला. नंतर ती स्वस्त होत होत २०१४ मध्यें फोनपर्यंत पोंचली. त्या वर्षाच्या जानेवारींत फ्लिर कंपनीनें आयफोन ५ व ५एस यांच्या पाठीवर बसणारा 'फ्लिर वन' लोकांपुढें आणला. त्याची किंमत ३४९ डॉलर, आणि त्याच्या उष्णता पाहणाऱ्या चकतीवर ८० गुणिले ६० म्हणजे ४,८०० ठिपके होते. ज्या वस्तूस पूर्वीं लाखों रुपये पडत, ती सामान्य कारागिराच्या आटोक्यांत आली. ही क्रांति लहान नव्हती, आणि तिचें श्रेय तिच्या कर्त्यांस दिलेंच पाहिजे.

परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आयफोन ६ निघाला. त्याचा आकार निराळा असल्यामुळें ५ साठीं केलेलें तें कवच त्यावर बसेना. हा अडथळा नुसता आकाराचा होता. त्यापुढचे अडथळे अधिक सूक्ष्म होते. २०१७ मध्यें ॲपलनें आपल्या फोनच्या अकराव्या प्रणालींत ३२ बिटांसाठीं लिहिलेलीं जुनीं ॲप्स चालविणें बंद केलें. २०२१ च्या ऑगस्टपासून गूगलच्या दुकानांतून ६४ बिटांच्या फोनांस केवळ ३२ बिटांचीं ॲप्स मिळेनाशीं झालीं. २०२३ मध्यें आयफोन १५ बरोबर ॲपलच्या फोनचें भोंकच बदललें, आणि त्यापूर्वींच्या दहा-अकरा वर्षांत त्या भोंकासाठीं झालेलीं जोडयंत्रें मधला तुकडा लावल्यावांचून नव्या फोनांत जाईनात. या प्रत्येक फेरफारास स्वतंत्रपणें पाहतां सबळ कारण होतें. पण त्यांपैकीं एकाहि निर्णयाच्या वेळीं थर्मल कॅमेऱ्याचा विचार मुख्य नव्हता. ज्याचा ॲप लिहिणारा जागा होता त्याचा कॅमेरा तरला. ज्याचा लिहिणारा दुसऱ्या कामास लागला होता त्याचा कॅमेरा, एकहि ठिपका न बिघडतां, मुका झाला.

ही हकीकत डोक्यांत घेऊन मी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यानें धुळ्यास गेलों. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्या संग्रहाची जोपासना व्हावी म्हणून त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें निघालें, हें वाचकांस ठाऊक आहेच. राजवाड्यांच्या कार्याचें वर्णन करतांना आपण बहुधा त्यांच्या पायपिटीचें वर्णन करतों. गांवोगांव हिंडून त्यांनीं दप्तरें मिळविलीं असें सांगतों. तें खरें आहे. परंतु १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला, त्यांतील पुरुषार्थ केवळ कागद मिळविण्याचा नव्हता. मोडी कागद वाचून, त्यांचा काळ ठरवून, ते बालबोधींत छापण्याचा होता. कागद वाचविणें हें अर्धें काम. वाचन वाचविणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अधिक अवघड.

मोडीचा कागद समोर धरला म्हणजे नवशिक्यास काय दिसतें? आधीं ओढलेली एक लांब रेघ आणि तिला लोंबणाऱ्या वळणांची अखंड माळ. शब्द कोठें संपला हें दिसत नाहीं; ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं. हीं वळणें म्हणजे त्या चकतीवरचे कच्चे आंकडेच होत. अभ्यासानें अक्षर लागलें तरी काम संपत नाहीं. समजा, तारखेच्या जागीं 'सलास सबैन मया व अलफ' असें आहे. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११७३. आंकडा तर लागला. पण हें वर्ष कोणतें? तो शुहूर सन आहे हें ज्यास ठाऊक आहे तो त्यांत ५९९ मिळवितो आणि १७७२-७३ या वर्षावर, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या मृत्यूच्या वर्षावर, येऊन उभा राहतो. ज्यास हें ठाऊक नाहीं तो तोच ११७३ हिजरी समजून १७५९-६० वर जातो, आणि माधवरावांच्या अखेरच्या आजाराचें पत्र पानिपताच्या आधींच्या धामधुमींत नेऊन टाकतो. कागद तोच, शाई तीच, आंकडा तोच. मधला एक स्थिरांक चुकला आणि तेरा वर्षांचा घोळ झाला. कॅमेऱ्याच्या स्थिरांकांची कथा याहून निराळी नाहीं.

येथपर्यंत साम्य झालें. परंतु खरा धडा साम्यांत नसून भेदांत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकविली जात असे. पुढें ती मागें पडली, वाचणारे थोडे झाले, आणि पुष्कळ घराण्यांतील दप्तरें वाळवीच्या स्वाधीन झालीं. तरी मोडी मेली नाहीं. कारण तिची किल्ली कोणाच्या मालकीची नव्हती. ज्यास शिकावयाची आहे त्यानें पुस्तक घ्यावें, जाणत्यापाशीं बसावें, चार-सहा महिने डोळे शिणवावे. त्यास कोणी अडवूं शकत नाहीं. म्हणूनच आजहि मोडीचे वर्ग निघतात व तरुण मुलें-मुली ते भरतात. कॅमेऱ्याच्या बाबतींत किल्ली कंपनीच्या पेटींत असते. त्याचा आंकडा कोणत्या क्रमानें बाहेर येतो, त्याचे स्थिरांक कोठें ठेविले आहेत, हें बहुधा छापलेलें नसतें. शिकण्याची इच्छा, बुद्धि व वेळ हीं तिन्ही असूनहि मार्ग बंद. मोडीच्या अज्ञानास आपण स्वतःस दोष देऊं शकतों. या अज्ञानांत दोष द्यावयास आपला आळसहि उरत नाहीं.

बुद्धीचा प्रश्न नाहीं असें मीं म्हटलें, त्यास आमच्या जिल्ह्याचीच साक्ष आहे. १९४५ मध्यें अमळनेरास 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नांवाची वनस्पति तुपाची कंपनी निघाली. तीच पुढें विप्रो हें नांव घेऊन सॉफ्टवेअरच्या धंद्यांत जगभर पसरली. खानदेशांतून निघून सॉफ्टवेअर लिहितां येतें. पण विकत घेतलेल्या वस्तूचें सॉफ्टवेअर दुरुस्त करण्याचा हक्क मात्र बुद्धीनें मिळत नाहीं, तो विक्रीच्या कागदावर मिळावा लागतो.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो निर्बल नाहीं. असें म्हणतां येईल कीं, पडदा, बॅटरी व गणित करणारा मेंदू हीं फोनकडून उसनीं घेतलीं म्हणूनच तर कॅमेरा स्वस्त झाला. ज्यास कायमची वस्तु हवी त्यानें स्वतःचा पडदा असलेला महाग कॅमेरा घ्यावा. शिवाय विकलेल्या प्रत्येक नगासाठीं कंपनीनें यावच्चंद्रदिवाकरौ ॲप लिहीत बसावें ही अपेक्षाहि न्याय्य नाहीं. हें सर्व मला मान्य आहे. माझ्या विद्यार्थ्यास महाग कॅमेरा परवडलाच नसता. तीन हंगामांत त्यानें कांहीं जिनांचें नुकसान टाळलें असेल तर तें या स्वस्ताईमुळेंच. परंतु स्वस्ताईचा कांहीं भाग हा केवळ पुढें ढकललेला खर्च असतो, आणि तो केव्हां अंगावर येईल हें विकत घेणारास सांगितलेलें नसतें. कंपनीनें अनंत काळ सेवा करावी असें मी म्हणत नाहीं. सेवा थांबवितांना तिनें लिपि छापून मोकळी करावी, एवढेंच माझें म्हणणें आहे. कारकुनास निवृत्त होण्याचा अधिकार आहे. दप्तराची किल्ली घेऊन जाण्याचा नाहीं.

तसें होणें अशक्य नाहीं याचींहि चिन्हें दिसतात. फ्लिरच्या कॅमेऱ्यांनीं टिपलेल्या चित्रांच्या फायलींत मूळ आंकडे व स्थिरांक दडलेले असतात. 'एक्झिफटूल' नांवाचा मोफत प्रोग्राम ते काढून दाखवितो. अन्य कांहीं कॅमेऱ्यांच्या लिप्या हौशी मंडळींनीं घरीं बसून, तारेंतून जाणारे आंकडे तपासून, उलगडल्या आहेत. कांहीं नवे कॅमेरे तर संगणकास साध्या वेबकॅमसारखे जोडले जातात आणि त्यांतील आंकडे कोणालाहि वाचतां येतात. हीं माणसें माझ्या दृष्टीनें राजवाड्यांच्याच कुळांतील होत. मात्र दुसऱ्यांनीं लपविलेली किल्ली शोधण्यांत बुद्धिमान माणसांचीं वर्षें खर्ची पडावीं, ही त्या बुद्धीची उधळपट्टीच नव्हे काय?

हा प्रश्न एका वायरमनचा असता तर मीं एवढा प्रपंच केला नसता. साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मितीचा १२५ मेगॅवॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्यें सुरू झाला. सौर तावदानाचें आयुष्य साधारणपणें पंचवीस वर्षांचें धरतात. त्या हिशेबानें तेथील पहिलीं तावदानें २०३८ पर्यंत उभीं राहावयाचीं. अशा शेतांत कोणतें तावदान कोठें तापतें हें थर्मल कॅमेऱ्यानें पाहण्याची रीत जगभर आहे, आणि त्या पाहण्याचा खरा उपयोग यंदाचें चित्र दहा वर्षांपूर्वींच्या चित्राशीं ताडून पाहण्यांत असतो. आज धुळें-जळगांवच्या माळांवर उभ्या राहणाऱ्या लहानमोठ्या सौर शेतांचीं हीं चित्रें म्हणजे उद्यांचें दप्तर आहे. तें जर एखाद्या ॲपच्या पोटांतच राहिलें आणि ॲप गेलें, तर त्या दप्तरास वाळवी लागण्याचीहि वाट पाहावी लागणार नाहीं.

म्हणून महाविद्यालयांनीं, नगरपालिकांनीं व लहान धंदेवाल्यांनींहि असें यंत्र घेतांना तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. फोनवांचून, साध्या संगणकावर तें उघडतें काय? त्यानें टिपलेले मूळ आंकडे साध्या तक्त्याच्या रूपानें बाहेर काढतां येतात काय? आणि विक्रेत्यानें ॲप थांबविल्यास लिपि मोकळी होईल असें लेखी मिळतें काय? तिसऱ्या प्रश्नास आज बहुधा होकार मिळणार नाहीं. पण जो प्रश्न शंभर गिऱ्हाइकें विचारतात त्याचें उत्तर दुकानदारास कधीं तरी तयार ठेवावेंच लागतें. शिवाय प्रत्येक तपासणीचे अंश, तारीख, वेळ आणि त्या वेळचा विजेचा भार हीं शाईनें वहींत लिहून ठेवावीं. शाईचा कागद दोनशें वर्षांनींहि उघडतो, हें धुळ्याच्या दप्तरांत जाऊन कोणासहि पाहतां येईल.

माझ्या विद्यार्थ्यानें शेवटीं काय केलें तेंहि सांगतों. त्याचा जुना फोन घरांतच पडलेला होता. पडदा फुटला होता, पण ॲप त्यांत शाबूत होतें. गोलाणी मार्केटांतून त्यानें कांच बदलून आणली. आतां त्या फोनमध्यें सिम नाहीं, नेट नाहीं. नवी आवृत्ति घ्या असा कितीहि निरोप आला तरी घ्यावयाची नाहीं असा घरांत सक्त नियम आहे. त्याचें एकच काम, त्या कॅमेऱ्याचें म्हणणें वाचून दाखविणें. जुन्या संस्थानी कचेरींत सर्व कारभार बदलल्यावरहि मोडी वाचणारा एक वृद्ध कारकून ठेवून घेत, त्याची मला आठवण झाली. परवां तो पुन्हां आला होता.

"अरे, चालतो आहे ना तो फोन?" मीं विचारलें.

"चालतो, सर. पण बॅटरी फुगायला लागली आहे," तो म्हणाला. "हा हंगाम निघेल. पुढचा सांगतां येत नाहीं."

पॅनेलमधील चकचकीत तांब्याची पट्टी कितीहि तापली तरी या कॅमेऱ्यास ती थंडच दिसते; म्हणून तिच्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मग पाहावें लागतें. हें त्यास कोणत्याहि ॲपनें शिकविलें नाहीं. तो अनुभवानें शिकला, आणि आतां हाताखालच्या दोन मुलांस शिकवीत आहे. तेवढें ज्ञान त्याचें स्वतःचें आहे आणि तें त्याच्याकडून कोणी काढून घेऊं शकत नाहीं. उरलेलेंहि तसेंच व्हावें, यापलीकडे माझी मागणी नाहीं.